डोळ्याकडचं कडं

१

बंदुकीचं कुणाजवळ बोलायचं नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. पुण्याच्या आजीजवळ तर नाहीच नाही. तिच्या स्वयंपाकघरात अंडंही शिरत नाही. आपला मुलगा जर्मनीत रानात जाऊन हरणं मारतो हे कळलं तर ती काय करील, याचा विचारही आईला नको असतो. रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल आला की आई आधी खुंटीवरची हिरवी टोपी काढून सोफ्यामागे टाकते आणि मगच फोन घेते. तेव्हा हे मी सांगायला नको. तरी सांगते आहे, कारण आज दुपारनंतर सांगायला जमेल की नाही, मला ठाऊक नाही. 'मी' लिहायला गेलं की हात अडतो, म्हणून 'शमिका' असंच लिहिते, जशी ती दुसरीच कुणी मुलगी आहे.

शमिका अबोल. वर्गात हात वर करायच्या आधी ती वाक्य मनातल्या मनात घोळवून बघायची, आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलेलं असायचं. पण तिची नजर तीक्ष्ण होती. समोरच्या टेकडीवरून उतरणाऱ्या बसचा नंबर ती बाल्कनीतून वाचायची. तिचे बाबा, प्रद्युम्न, चष्मा पुसत म्हणायचे, "चला, घरात एकाला तरी डोळे आहेत."

बाबा लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होते. घर मात्र गाडीने पाऊण तासावर, द्राक्षांचे मळे संपून रान सुरू होतं तिथल्या एका खेड्यात. दोन गल्ल्या सोडून रीना आत्या राहायची, बाबांची धाकटी बहीण, म्हणून ते इथे आले. आत्याचा नवरा फोल्कर काका. त्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासून सगळे शिकारी, आणि बाबांना हा नाद लावला तो त्यांनीच. इथे शिकारीसाठी परीक्षा द्यावी लागते, झाडं, जनावरं, कायदा, सगळ्याची. बाबा पास झाले तेव्हा काकांनी त्यांना हिरवी टोपी दिली.

"अहो, या गावात खाटीक नाही का?" आई म्हणाली होती.

"मटणासाठी नाही गं," बाबा म्हणाले. "मचाणावर बसलं की दोन तास कुणी मेल पाठवत नाही."

२

पहिली हरिणी बाबांनी सप्टेंबरात मारली, फोल्कर काकांच्या बंदुकीने. घरचा गणपती उठून दोनच दिवस झाले होते.

ती हकिकत काकांनी जेवताना रंगवून सांगितली. इथल्या शिकाऱ्यांची एक रीत आहे. जनावर पडलं की त्याच्या तोंडात ओकची हिरवी डहाळी ठेवतात. तो त्याचा शेवटचा घास. तसलीच एक डहाळी शिकाऱ्याच्या टोपीत खोचतात. मग टोप्या काढून घटकाभर गप्प उभं राहायचं.

"आल्झो, मी प्रद्युम्नला म्हटलं, तुझ्या भाषेतलं काहीतरी म्हण तिच्यासाठी," काका सांगत होते, "तर हा हात जोडून गायलाच लागला!"

"गात नव्हतो," बाबा म्हणाले. "काही सुचेचना. परवाच फोनवर बघून गणपतीची उत्तरपूजा केली होती, तेच तोंडात आलं. पुनरागमनाय च."

आईचा वाढता हात थांबला. "अहो! ते पुन्हा या म्हणून असतं. देवाला."

"मग काय, जा म्हणायचं? आपण दारातून निघतानासुद्धा येतो म्हणतो."

रीना आत्याला हसू आवरेना. "दादा, मग आता येईल हं ती मुक्कामाला. मोदक करून ठेव."

सगळे हसले. शमिकाही हसली. बाबा सगळ्यांच्या नंतर हसले, एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

त्यानंतर काकांनी ती बंदूक बाबांनाच देऊन टाकली, रीतसर कागदपत्रं करून. आखूड नळीची, एका वेळी एकच गोळी घेणारी, आणि मधोमध सुटी केली की पाठीवरच्या पिशवीत मावणारी. फक्त तिच्यावरची दुर्बीण जुनी झाली होती. काचांवर ढग आल्यासारखा दिसायचा. नवी घ्यायला हवी होती, आणि कोणती घ्यायची यात ऑक्टोबर गेला.

३

काकांच्या ओळखीच्या दुकानदाराने तीन दुर्बिणी बघायला दिल्या.

पहिली छोटीशी. हलकी, तिच्यातून रान दोन्ही बाजूंना ऐसपैस दिसायचं, पण उन्हं उतरली की सगळं राखाडी. दुसरी भली मोठी. तिची पुढची काच वाटीच्या तोंडाएवढी, आणि दिवस बुडाल्यावरही ती कुठून कुठून उजेड गोळा करून आणायची. पण त्या आखूड बंदुकीवर ती चढवली की मांजरीच्या डोक्यावर हंडा ठेवल्यासारखी दिसायची. तिसरी मधली.

"मोठीच घे," फोल्कर काका म्हणायचे. "हरीण येतं ते अगदी शेवटच्या उजेडात. तेव्हा दिसलं नाही तर उपयोग काय?"

"मग बंदूक आखूड कशाला? पाठीवर तोफच घेऊन जातो."

"गेनाऊ! बरोबर, तोफ!" काका टेबलावर हात आपटायचे.

निवाडा शमिकाकडे आला. तिला मनातून फार बरं वाटलं. संध्याकाळी बाबा आणि ती बाल्कनीत उभी राहायची, बंदूक नाही, नुसती दुर्बीण हातात धरून. समोर रानाच्या कडेला एक लाकडी मचाण होतं, त्यावर आकडे लिहिलेली छोटी पाटी. कोणत्या दुर्बिणीतून ती पाटी कुठवर वाचता येते, ते शमिका बघायची आणि बाबांना हळूच सांगायची.

दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकाला एक फिरतं कडं असतं. प्रत्येकाची नजर वेगळी. कडं थोडं इकडे-तिकडे फिरवलं की आतली काळी फुली ज्याला त्याला स्वच्छ दिसते. कड्यावर पांढरा ठिपका असतो. शमिकासाठी तो बरोबर मधल्या खुणेवर यायचा, बाबांसाठी चष्म्यासकट मधल्याच्या किंचित डावीकडे. बघून झालं की ती ठिपका बाबांच्या जागेवर आणून ठेवायची. मग बाबा एक दुर्बीण बंदुकीवर चढवून बंदूक तळघरातल्या पोलादी कपाटात उभी करायचे, आणि उरलेल्या दोन खोक्यांत घालून त्याच कपाटाच्या फळीवर. तळघराला घरात सगळे केलरच म्हणत. कपाटाचं कुलूप आकड्यांचं. आकडा फक्त बाबांना ठाऊक, कायदाच तसा.

एका संध्याकाळी बाबांनी छोटी दुर्बीण बंदुकीवरून काढून तिच्या हातात दिली. तिने डोळा लावला. आत नुसतं पांढरट, दुधाच्या पेल्याच्या तळातून बघितल्यासारखं. तिने कडं बघितलं. ठिपका सगळ्या खुणा ओलांडून उजवीकडे गेला होता. कडं त्यापुढे फिरूच शकत नव्हतं.

"बाबा, तुम्ही फिरवलंत?"

"मी कशाला? काल तूच ठेवलंस ना."

तिने ते मधे आणलं. कडं जड होतं, आपलं आपण फिरणाऱ्यातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा टोकाला होतं.

४

आधी तिला वाटलं, केलर थंड, आतलं वंगण आकसत असेल. मग वाटलं, फोल्कर काकांची गंमत. त्यांना असली गंमत आवडायची. पण काका तो सगळा आठवडा पाठ धरून घरात पडून होते, आणि कुलपाचा आकडा त्यांनाही माहीत नव्हता.

मग तिच्या लक्षात आलं, की खोक्यातल्या दुर्बिणींना काहीच होत नाही. छोटी बंदुकीवर असताना छोटीचं कडं फिरायचं. बाबांनी मोठी चढवली, तेव्हा छोटी खोक्यात जशीच्या तशी राहिली आणि मोठीचं कडं टोकाला गेलं. मधलीचंही तेच. तीन वेगवेगळ्या कारखान्यांच्या तीन दुर्बिणी. जी बंदुकीवर, तिच्यातून कुणीतरी बघत होतं. आणि ज्याला बघण्यासाठी कडं इतकं फिरवावं लागतं, त्याची नजर घरातल्या कुणासारखीच नव्हती.

हे तिने असंच्या असं मनात म्हटलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. भौतिकशास्त्रात तिला चांगले गुण मिळायचे.

"बाबा, तुम्ही कपाट उघडाल तेव्हा मला बोलवाल?"

"का गं?"

"बघायचंय."

बाबांनी बोलावलं. केलरमध्ये धुण्याच्या पावडरीचा आणि बटाट्यांचा वास होता. बाबांनी अंगाने आड करून आकडा फिरवला, दार उघडलं, आणि बंदूक उचलायच्या आधीच शमिकाने वाकून बघितलं. डोळ्याकडच्या काचेवर वाफ धरली होती. तिच्या खाली, काळ्या धातूवर, ओलसर असे दोन छोटे लंबगोल डाग होते, शेजारी शेजारी. ती बघत असतानाच ते कडेने आत आत सुकत गेले.

"दमट झालंय केलर," बाबा म्हणाले. त्यांनी बाहीने काच पुसली.

वर येऊन तिने न्हाणीघराचं दार लावलं, तोंड मिटलं आणि आरशाजवळ जाऊन नाकाने श्वास सोडला. दोन बारीक रेघा उमटल्या, खाली जाणाऱ्या. कपाटातले डाग तसे नव्हते. ते रुंद होते, एकमेकांपासून लांब, आणि बाहेरच्या बाजूला कललेले.

५

बंदूक कपाटात उभी असायची, नळी वर. म्हणजे तिच्यावरची दुर्बीण छताकडे बघायची. हे शमिकाच्या ध्यानात आलं ते एका रविवारी, आईने तिला बटाटे आणायला केलरमध्ये पाठवलं तेव्हा. कपाटाच्या मागून हायत्सुंगची, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राची, नळी वर जात होती. ती छतातून आरपार जाते आणि बैठकीच्या खोलीत बाबांच्या खुर्चीला लागून निघते.

म्हणजे कपाटाच्या बरोबर वर रोज बाबा बसतात.

कपाटाच्या दाराखाली एक बारीक फट होती. तिथे जमिनीवर काहीतरी हिरवं दिसत होतं. तिने बोटाने ओढून बाहेर काढलं. ओकची डहाळी. पानं ताजी होती आणि अर्धी चावलेली. कात्रीने कापल्यासारखी नाही, चिरडून, ओढून तोडल्यासारखी. तिने ती नाकाशी नेली. कडू, ओला वास. नोव्हेंबर लागला होता, रानातला सगळा ओक पिवळा-तपकिरी झाला होता.

"बटाटे पेरायला गेलीस का गं?" आईने वरून हाक मारली.

तिने डहाळी परत फटीत सारली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्याच्या ताटातलं उचलल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी बाबा खुर्चीत बसून वाचत होते आणि नळीतून टक् असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा, टक्, टक्. जसं कुणी हलक्या पायाने, टणक टाचांनी, जागा बदलत उभं आहे.

"तापताना वाजते ती," बाबा पुस्तकातून मान वर न करता म्हणाले.

"तापायला चालू कुठे केलंय?" आई म्हणाली. "मी गेला आठवडा ओरडतेय, हायत्सुंग लावा म्हणून. पोरीचे हात बघा कसे गार पडलेत."

 बाबांनी मान वर केली होती. पुस्तक हातात तसंच अर्धवट धरलेलं, डोळे कुठेच नाहीत, सगळं अंग गच्च थांबलेलं. बाहेर लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"बघा, बघा," आई हसली. "शिकारी झालात खरे. कानसुद्धा टवकारायला लागलात."

शमिकाला हसू आलं नाही. फोटोत तिने शिकारी पाहिले होते. ते असे थांबत नाहीत. असं दुसरं कुणीतरी थांबतं.

तेव्हापासून तिला एकच हवं होतं. बाबांनी त्या बंदुकीतून बघू नये. दुर्बीण कोणतीही घ्या, नाहीतर घेऊच नका, पण तिला डोळा लावू नका.

६

पाठ बरी झाल्यावर फोल्कर काका हत्यारांची पेटी घेऊन आले. मधली दुर्बीण घ्यायची, असं बाबांनी ठरवलं होतं. आता ती बंदुकीवर कायमची बसवायची होती, डोळ्यापासून नेमक्या अंतरावर, तिरकी न होता. अंतर कमी ठेवलं तर बार उडताना दुर्बिणीची कड भुवईवर आपटते.

केलरमधल्या टेबलावर काकांनी बंदूक सुटी केली. दस्ता एकीकडे ठेवला. नळीतून आरपार बघायला लावून ती रिकामी असल्याचं शमिकाला दाखवलं, मग नळी लाकडी घोडीवर आडवी ठेवून तिच्यावर दुर्बीण आवळली. "आता ही बंदूक नाही," ते म्हणाले. "नुसता पाइप आहे. घाबरू नकोस. पुढची काच पुसून दे."

बाबा वर दिवा शोधायला गेले होते. शमिका मऊ फडकं घेऊन पुढच्या बाजूला वाकली. लहानपणी ती दुर्बीण उलटी धरून बघायची. आई-बाबा मुंगीएवढे दिसायचे, खूप लांब, बाहुलीच्या घरात असल्यासारखे. तेच आठवून तिने काच पुसता पुसता आत बघितलं. पलीकडे भिंत दिसायला हवी होती. भिंतीला टेकलेल्या स्की, काकांचा लाल स्वेटर.

आत तपकिरी होतं. ओलं, चकाकणारं, गोल. तिला वाटलं, काका गंमत करताहेत, पलीकडून डोळा लावून बसले आहेत.

"फोल्कर काका, डोळा काढा ना. मला दिसत नाही."

"व्हास?" काकांचा आवाज तिच्या पाठीमागून आला. ते कोपऱ्यातल्या नळावर हात धूत होते.

ती हलली नाही.  त्या तपकिरी गोलाच्या मधे बुबुळ होतं, पण ते गोल नव्हतं. आडवं होतं, दाराखालच्या फटीसारखं. ते तिच्याकडे बघत नव्हतं. तिच्या खांद्यावरून, जिन्याकडे बघत होतं. जिन्यावर बाबांची पावलं वाजली, तशी ती फट हळूच रुंद झाली. मग वरून लांब पापण्या खाली आल्या, आणि पलीकडे स्की होत्या.

"सापडला दिवा," बाबा म्हणाले. "काय गं, अशी काय उभी?"

ही दुर्बीण नको, तिला म्हणायचं होतं. ही बंदूकच नको, काकांना परत द्या, रानात पुरून टाका. तिने वाक्य मनात एकदा म्हणून बघितलं. ते वेडगळ वाटलं. तिने ते बदललं, पुन्हा म्हणून बघितलं. तोवर फोल्कर काकांनी शेवटचा स्क्रू आवळला आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली.

"फेर्टिग! झालं! शनिवारी एकटा जा. आता तुला माझी गरज नाही."

"एकटा कशाला?" बाबा म्हणाले. "माझे डोळे घेऊन जाणार आहे मी. काय शमिका?"

तिने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, हे तिच्यापुरतंच राहिलं.

७

आज शनिवार आहे. आईने सकाळी इडल्या केल्या. बाबांनी दोन खाल्ल्या आणि बशी सरकवून दिली.

"चटणी बिघडली का?" आईने विचारलं.

"चटणी छान आहे. मला आज कच्चंच काहीतरी खावंसं वाटतंय." त्यांनी कोथिंबिरीची जुडी उचलली आणि एक काडी तोंडात धरली.

जेवणं झाल्यावर शमिका त्यांच्या पाठोपाठ केलरमध्ये गेली. या वेळी तिने वाक्य घोळवलं नाही. जसं आलं तसं बोलून टाकलं.

"बाबा, त्या दिवशी तिला म्हणालात ना, ते परत घ्या."

बाबांनी विचारलं नाही, कुणाला, काय. ते आकडा फिरवत होते. "दिलेलं बोलावणं परत घेतात का गं?" ते म्हणाले, अगदी मायेने. मग त्यांनी दार उघडलं, बंदूक बाहेर घेतली, आणि रिकामी आहे हे बघून केलरच्या उंच खिडकीकडे धरून दुर्बिणीला डोळा लावला. शमिकाला कडं दिसत होतं. ठिपका टोकाला होता, उजवीकडे, सगळ्या खुणांच्या पलीकडे. बाबांनी कड्याला हात लावला नाही. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"बाबा, कडं फिरलंय. मधे आणायचंय."

"नको नको. असू दे." ते बघतच राहिले. "इतकं स्वच्छ मला कधी दिसलंच नव्हतं. पानन् पान दिसतंय."

खिडकीबाहेर पानं नव्हती. शेजारच्या गॅरेजची भिंत होती.

मग त्यांनी बंदूक खाली घेतली आणि शमिकाकडे बघितलं. समोरून नाही. मान वळवून, एका बाजूच्या डोळ्याने, असं बराच वेळ. ते रागावले नव्हते. ते तिला ओळखायचा प्रयत्न करत होते. मग ओळख पटल्यासारखे हसले आणि म्हणाले, "तयार हो. उजेड लवकर जातो."

ती वर आली. आई भांडी आवरत होती. "आई, बाबांना नको पाठवूस."

"अगं, जाऊ दे त्यांना. आठवडाभर कारखान्यात राबतात. आणि तू आहेस ना बरोबर?" आईने ओल्या हाताने तिच्या गालाला स्पर्श केला. "घाबरलीस का? मग नको जाऊस. ते जातील एकटे."

ते एकटे जातील. हे ऐकलं आणि शमिकाचं ठरलं.

म्हणून ती आता खोलीत बसून हे लिहिते आहे, अंगात जाड जाकीट, पायात बूट. खिडकीतून अंगण दिसतं. गाडीचं मागचं दार उघडं आहे, पिशवी आत ठेवलेली आहे. बाबा गाडीजवळ नाहीत. ते कुंपणापाशी रानाकडे तोंड करून उभे आहेत. टोपीत हिरवी डहाळी आहे. ती कुठून आली ते मला माहीत आहे. रस्त्यावरून सायकल गेली, तसे ते जागच्या जागी थांबले, त्या संध्याकाळपेक्षाही जास्त थांबले, आणि सायकल वळून गेल्यावर पुन्हा श्वास घेऊ लागले.

मला वाटतं, चूक साधी आहे, आणि साधेपणानेच दुरुस्त होईल. निरोप नीट द्यायचा राहिला, एवढंच. बाबांना तो देता आला नाही, कारण आपल्याकडे तसा कुणी देत नाही. मला देता येईल. मी मोठ्याने बोलत नाही, पण तिथे मोठ्याने बोलायची गरजच नसते. मी मचाणावर बाबांच्या शेजारी बसेन, त्यांचा हात धरून. दुर्बिणीला डोळा मी लावेन, त्यांना लावू देणार नाही. आणि रानाच्या कडेला किंवा काचेच्या आत, जिथे कुठे ती दिसेल तिथे

बाबांनी हाक मारली. "शमिका, चल, येतेस ना?" आवाज बाबांचाच आहे. बरीच घाई आहे त्यांना. एवढं एक वाक्य पुरं करते आणि उठते. ती दिसली की मी हात जोडणार, आणि इतकंच म्हणणार, की बाई, आमचं चुकलं, तू आता सुखाने जा, आणि परत